प्रवाशाच्या सायकलवर व्यापारी माल लादल्याबद्दल आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, इंदूर.

विषय : इंदूर-नाशिक रात्रसेवेत सामान म्हणून स्वीकारलेल्या सायकलीचे नुकसान, नुकसानभरपाईची मागणी आणि आपल्या विभागाने दिलेल्या उत्तरावरील हरकत.

महोदय,

नाशिकजवळ रविवारी पहाटे होणाऱ्या हौशी सायकलपटूंच्या रोड शर्यतीत महिला गटात उतरण्यासाठी मी शुक्रवारी रात्री आपल्या कंपनीच्या स्लीपर बसने इंदूरच्या तीन इमली येथून निघाले. रेल्वेने सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये सोपवावी लागते आणि ती आपल्याच गाडीने पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून मी बसचा पर्याय निवडला. तिकीट काढण्यापूर्वी मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून सायकल नेता येईल का, असे स्पष्ट विचारले होते. पाचशे रुपये वेगळे भरल्यास ती डिकीत ठेवता येईल, असे मला सांगण्यात आले. ते पैसे मी भरले, त्यांची पावती मला मिळाली आणि आपल्या कर्मचाऱ्याने बॅगेला सामानाची चिठ्ठीही लावली.

सायकल नीट बांधलेली नव्हती, असे माझ्या ईमेलला दिलेल्या आपल्या उत्तरात म्हटले असल्यामुळे ती कशी बांधली होती हे सांगणे मला भाग आहे. जाड फोमची खास सायकल बॅग, दोन्ही चाके काढून वेगळ्या कप्प्यांत, पुढच्या आणि मागच्या फोर्कमध्ये दाब सहन करणारे प्लास्टिकचे आधार, डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधलेला आणि बॅगेवर मोठ्या अक्षरांत हिंदीत व इंग्रजीत ‘यावर वजन ठेवू नये’ अशी सूचना. डिकीत ठेवताना मी बॅगेची छायाचित्रे काढली आहेत. त्यात ती इतर प्रवाशांच्या बॅगांशेजारी मोकळी उभी असल्याचे स्पष्ट दिसते.

नुकसान झाले ते यानंतर. राऊच्या पुढे बस रस्त्याच्या कडेला थांबली आणि तेथे उभ्या असलेल्या छोट्या मालवाहू गाडीतून पोत्यात शिवलेले गठ्ठे व लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली लाकडी खोकी आपल्या बसच्या डिकीत चढवली जाऊ लागली. मी खाली उतरले तेव्हा माझी बॅग आडवी पाडलेली होती आणि तिच्यावर दोन खोकी ठेवून झाली होती. मी हरकत घेतली, वजन ठेवू नये असे लिहिलेली चिठ्ठी दाखवली. त्यावर तुमच्या क्लीनरने ‘मॅडम, कुछ नहीं होगा, माल तो जाएगा ही’ एवढेच उत्तर दिले आणि चालकाने उशीर होत असल्याचे सांगून मला आत बसवले. तो माल कोणाही प्रवाशाचा नव्हता. तो न बांधता ठेवला होता आणि सेंधव्यानंतर बिजासन घाटाच्या प्रत्येक वळणावर तो डिकीत सरकत असल्याचा आवाज मला बर्थवर ऐकू येत होता.

शनिवारी सकाळी नाशिकला बॅग उघडली तेव्हा डिरेलर हँगर आतल्या बाजूला वाकलेला आणि मागच्या चाकाचा डिस्क ब्रेक रोटर, म्हणजे ब्रेक ज्या चकतीला पकडतो ती, मुरडलेला होता. हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्या बोटभर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो तो भाग. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसलाच तर तो आधी वाकतो आणि महागडी फ्रेम वाचते. पण तो थोडासा वाकला तरी सायकल शर्यतीच्या कामाची राहत नाही. माझ्या अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचात, दोन चक्रांमधील अंतर चार मिलिमीटरहूनही कमी असते. हँगर थोडासा तिरका झाला की साखळी नको त्या चक्रावर चढते आणि सर्वांत मोठ्या चक्रावर डिरेलर चाकाच्या आऱ्यांत अडकण्याची भीती असते. वेगात असे झाले तर मागचे चाक जागीच जाम होते.

नाशिकमधील एका अनुभवी मेकॅनिकने गेज लावून हँगर हळूहळू सरळ करण्याचा प्रयत्न केला. धातूला मुळाशी आधीच भेग गेली होती, त्यामुळे तो त्यांच्या हातात तुटला. हँगर प्रत्येक कंपनीच्या, अनेकदा प्रत्येक मॉडेलच्या फ्रेमसाठी वेगळ्या आकाराचा असतो. शनिवारी दिवसभर आम्ही शहरातील दुकाने फिरलो, पुण्यालाही फोन केले. पण शर्यतीपूर्वी तो भाग कोठूनही मिळू शकत नव्हता. तेथील सायकलपटूंनी आपल्या सायकली मोठ्या आपुलकीने देऊ केल्या आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तरीही दुसऱ्याच्या मापाच्या, ब्रेकची सवय नसलेल्या सायकलवर पेलोटनमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या सायकलपटूंच्या दाट घोळक्यात, चाकाला चाक लावून जाणे माझ्याबरोबरच इतरांनाही धोक्याचे ठरले असते. शर्यतीचा बिब नंबर (स्पर्धकाचा क्रमांक) घेऊनही मला शर्यत सुरू होताना बाहेर उभे राहावे लागले.

या शर्यतीसाठी मी कित्येक महिने नोकरीच्या वेळेआधी सुपर कॉरिडॉरवर आणि सुट्टीच्या दिवशी सिमरोलच्या घाटात सराव केला होता. त्याची किंमत मी मागत नाही, कारण ती रुपयांत सांगता येत नाही. तरी आपल्या निष्काळजीपणाने काय वाया गेले, ते कंपनीला माहीत असावे असे मला वाटते.

माझ्या पहिल्या ईमेलला आलेल्या उत्तरात ‘सामानाची जबाबदारी प्रवाशाची राहील’ या तिकिटावरील अटीचा आधार घेऊन मला पाचशे रुपयांचे कूपन देऊ करण्यात आले. हे मला मान्य नाही. सामान माझ्या ताब्यात, माझ्या बर्थपाशी असते तर त्या अटीला काही अर्थ होता. येथे आपण वेगळे शुल्क घेऊन सायकल स्वीकारली, डिकीची चावी आपल्या कर्मचाऱ्यांकडे होती आणि माझ्या समोर, माझी हरकत डावलून तिच्यावर परका माल लादला. प्रवाशाकडून सामानाचे पैसे घ्यायचे, तीच जागा व्यापाऱ्यालाही विकायची आणि नुकसान झाले की अट पुढे करायची, ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील न्यूनताच आहे. शिवाय हा केवळ सायकलींचा प्रश्न नाही; इंदूरहून गाण्याच्या कार्यक्रमांना पेटी-तबला घेऊन महाराष्ट्रात जाणारे कलाकारही याच डिकीवर विसंबून असतात.

माझी मागणी अशी आहे की तिकिटाचे १,१५० रुपये, सायकलीचे शुल्क ५०० रुपये, शर्यतीचे नोंदणी शुल्क २,००० रुपये आणि हँगर, रोटर, चाकाची दुरुस्ती व फ्रेमची तपासणी यांचे ७,३५० रुपये, असे एकूण ११,००० रुपये मला कूपनच्या रूपात नव्हे तर बँक खात्यात मिळावेत. त्याचबरोबर प्रवाशांच्या सामानासाठी डिकीचा एक भाग कायम राखून ठेवला जाईल आणि त्यात व्यापारी माल चढवला जाणार नाही, असे लेखी आश्वासन कंपनीने द्यावे. या दोहोंपैकी दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या शर्यतींनाही आम्हाला याच मार्गाने जायचे आहे. क्लीनरवर कारवाई करून हा विषय मिटवू नये. भर रस्त्यात माल चढवणे ही एका कर्मचाऱ्याची मर्जी नसून आपल्या बसची ठरलेली पद्धत आहे, हे तेथे आधीपासून वाट पाहत असलेल्या गाडीवरूनच दिसत होते.

तिकीट, शुल्काची पावती, सामानाच्या चिठ्ठीचा अर्धा भाग, डिकीतील व नाशिकमधील छायाचित्रे, मेकॅनिकचे लेखी मत आणि दुरुस्तीची बिले यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तुटलेला हँगर माझ्याकडे आहे आणि तो आपल्या प्रतिनिधीला केव्हाही दाखवता येईल. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
सुदामानगर, इंदूर