समप्रमाण म्हणजे समान नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालची सांगलीतल्या कृष्णेच्या पुराची बातमी वाचली. 'कोयनेच्या विसर्गाच्या समप्रमाणात आयर्विन पुलाजवळची पातळी वाढते' हे वाक्य फार खटकले. समप्रमाण म्हणजे एक दुप्पट झाले की दुसरेही दुप्पट, गुणोत्तर कायम. सातवीच्या गणितात आहे हे. विसर्ग दुप्पट केला म्हणून 30 फुटांवरची कृष्णा 60 फुटांवर जात नाही. वारणेचे पाणी, मधला पाऊस, सगळे त्यात येते. 'विसर्ग वाढला की पातळी चढते' एवढे लिहिले तरी पुरे. नदीकाठची माणसे तुमच्या आकड्यांवर सामान हलवायचे ठरवतात.

या शब्दाचा चटका मला बसलेला आहे. आम्हा पाच भाऊबंदांची नदीवर सामाईक मोटर आहे, भिजते एकूण 300 गुंठे. करारात 'वीजबिल समप्रमाणात भरावे' असे लिहिलेले. बिल आले 15,000. म्हणजे गुंठ्याला 50 रुपये, हा आकडा पाचही जणांना सारखा. माझे 30 गुंठे, माझे 1,500. थोरल्या चुलतभावाचे तीन एकर, म्हणजे 120 गुंठे, त्यांचे 6,000. पण त्यांनी सरळ पाच वाटे केले, प्रत्येकी 3,000. मी कागद पुढे केला, तर ते म्हणाले, "अरे, समप्रमाणात म्हणजे सारखंच की! पेपरात नाही का येत, मुलांना मालमत्ता समप्रमाणात वाटली म्हणून?" आणि कोनाड्यातला पेपर काढून माझ्यासमोर धरला. तो तुमचाच होता. मी 3,000 भरले. अजूनही तसेच भरतो.

तीळ आणि गूळ समप्रमाणात घ्या, असे घरात म्हणतात ते मला मान्य आहे. तिथे दोन्हींचे वजन सारखे, घोटाळा होत नाही. पण पैसा, पाणी, जमीन यांची वाटणी असेल तिथे सारखे वाटे असतील तर 'समान' लिहा, नाहीतर 'क्षेत्राच्या प्रमाणात' असे स्पष्ट लिहा. भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीत त्रैराशिक (समप्रमाणाचा हिशेब) आणि व्यस्त त्रैराशिक (एक वाढले की दुसरे घटते, तो हिशेब) वेगवेगळे सांगितले. ज्या देशात हा हिशेब इतका जुना आहे, तिथल्या आपल्या भाषेत आज समान आणि समप्रमाण एक व्हावेत याचे वाईट वाटते.

आणखी एक. गेल्या आठवड्यात 'हळदीचा भाव दुपटीने घसरला' असा मथळा होता. भाव निम्म्यावर आला होता. मग निम्म्यावर आला असेच छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सांगली