आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: रॅपिड किटला न दिसणारा हिवताप

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

हिवतापाची रुग्णसंख्या उतरली की पहिली कात्री रक्ताच्या काचपट्टीच्या तपासणीला लागते. थेंबभर रक्तावर काही मिनिटांत रेघ उमटवून निदान देणारी रॅपिड किट आहे, मग सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ कशाला, असा हिशेब होतो. रुग्ण जिथे कमी, तिथेच तो हिशेब अंगाशी येतो.

फॅल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी. तो ओळखणारी बहुतेक किट त्याने बनवलेल्या एचआरपी-२ या प्रथिनावर चालतात. काही परजीवींनी त्याचे जनुकच गमावले आहे. २०१० मध्ये पेरूच्या अ‍ॅमेझॉन भागातून हे नोंदले गेले. इरिट्रियाला तर २०१६ मध्ये किटच बदलावी लागली. दाट प्रसारात एका रुग्णात परजीवीचे अनेक वाण (उपप्रकार) असतात, एकाने जरी प्रथिन बनवले तरी रेघ उमटते. विरळ प्रसारात बहुधा एकच वाण असतो. त्यात जनुक नसेल तर रेघ येत नाही आणि रुग्ण औषधाविना घरी जातो. डासाच्या पोटातही त्याच वाणाचे नर-मादी एकत्र येतात, म्हणून हरवलेले जनुक परत मिळत नाही.

अशा भागातल्या माणसाकडे प्रतिकारशक्तीची ढालही नसते. परजीवीकडे सुमारे ६० व्हार जनुके असतात आणि त्यांच्या आधारे तो रक्तपेशीवरचे आपले रूप बदलत राहतो. ही रूपे शरीर ओळखू लागते ते वर्षानुवर्षांच्या संसर्गातून. प्रसार घटला की ती ओळख घडतच नाही. मग लहान मुलांइतकेच प्रौढही गंभीर आजारी पडतात. चुकलेले निदान इथे जिवावर बेतते.

या परजीवीचे सर्वेक्षण करतानाही एक फसगत होते. एचआरपी-२ किटवर पॉझिटिव्ह आलेलेच नमुने प्रयोगशाळेत गेले, तर जनुक हरवलेला वाण त्यात येणारच कसा? म्हणून तापाच्या प्रत्येक संशयित रुग्णाची काचपट्टी किंवा पीएलडीएच या परजीवीच्या दुसऱ्या प्रथिनाची चाचणी सोबतच व्हावी. पॉझिटिव्ह रुग्णाचे रक्त औषधाच्या पहिल्या मात्रेआधी फिल्टर पेपरवर घ्यावे. थेंब पसरवू नये. कागद आडवा ठेवून सावलीत वाळवावा, दमट हवेत रात्रभर. मग प्रत्येक कागद वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह. ओले कागद एकावर एक ठेवले की एकाचे रक्त दुसऱ्याला लागते. एकाच वाणाचा संसर्ग मिश्र दिसतो आणि हरवलेले जनुक झाकले जाते. ओलावा राहिला तर डीएनए कुजतो आणि उलटी चूक होते: जनुक असूनही ते सापडत नाही. म्हणून दुसरे एखादे जनुक, उदाहरणार्थ एमएसपी-२, त्या नमुन्यात आधी नीट दिसल्याखेरीज एचआरपी-२ हरवल्याचा निष्कर्ष काढू नये. नमुन्यासोबत अलीकडच्या प्रवासाची नोंदही हवी, नाहीतर वाण इथलाच की बाहेरून आलेला, हे ठरवता येत नाही.

जनुक हरवल्यामुळे निगेटिव्ह येणाऱ्या चाचण्या ५ टक्क्यांवर गेल्या की केवळ एचआरपी-२ वर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर थांबण्याची गरज आम्हाला पटत नाही. श्रीलंकेत १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण होते. फवारणी आणि शोधमोहीम सैलावली आणि १९६९ मध्ये आकडा पाच लाखांवर गेला. ती साथ मुख्यतः व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीची होती, पण पाळत ढिली पडल्याची किंमत तीच.

किटच्या पुढच्या खरेदीत फॅल्सिपेरमसाठी पीएलडीएच रेघेची अट घालावी आणि रिकामी झालेली तंत्रज्ञांची पदे त्याच आदेशात भरावीत, ही आमची मागणी आहे.

आपले,
हिवताप निदानाच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही