मुली आणि बालवर्गाच्या दारातून

लंडन,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर चढून पडदा लावत होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "शाळेत राहायला गेलास म्हणे! पन्नाशीत पुन्हा पहिलीत बसवलं का तुला?" हे तुझं वाक्य हिनं ऐकलं आणि तेव्हापासून मला ‘बाळ’ म्हणतेय. तुझा टोमणा अगदीच खोटा नाही रे. आमची इमारत म्हणजे जुनी शाळाच, आता तिचे फ्लॅट झालेत. तिला दोन दारं. एकावर दगडात कोरलंय ‘बॉइज’, दुसऱ्यावर ‘गर्ल्स अँड इन्फंट्स’. आमचा जिना नेमका दुसऱ्या दाराचा. तेव्हा रोज संध्याकाळी लॅपटॉपचं दप्तर खांद्याला लावून मी मुली आणि बालवर्गाच्या दारातून घरी येतो.

तू मास्तर, म्हणून आधी शाळेचं सांगतो. १८७० साली इथे प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, त्यातून लंडनचं स्कूल बोर्ड निघालं आणि बोर्डानं वस्त्यावस्त्यांतून शाळा बांधायचा धडाका लावला. त्यांचा आर्किटेक्ट ई. आर. रॉब्सन. शाळा चर्चसारखी दिसू नये असं त्याला वाटे. म्हणून पिवळी वीट, खिडक्यांना लाल विटेची किनार, छपरावर डच पद्धतीचे नक्षीदार माथे. मोठ्या शाळा तीन मजली, बालवर्ग सगळ्यात खाली. १८८० मध्ये शिक्षण सक्तीचं झालं, १८९१ मध्ये बहुतेकांची फी गेली. आणि १८८२ मध्ये आपले जोतीराव सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे तेच मागत होते: निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. राणी तीच, व्हिक्टोरिया. इथल्या गरिबांच्या पोरांना तीन मजली इमारती मिळाल्या, आपल्याकडे मागणी कागदावर राहिली. जिना चढताना हे डोक्यात आल्याशिवाय राहत नाही. पायऱ्या दगडी आहेत, मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. भिंतीला कमरेपर्यंत चॉकलेटी झिलईच्या विटा, म्हणजे पोरांनी हात घासले तरी पुसून टाकता येतं.

आता घर. एका वर्गखोलीचे दोन तुकडे केलेत, त्यातला एक आमचा. छत चौदा फूट उंच, म्हणून बिल्डरनं अर्ध्या भागात मधला मजला टाकून वर झोपायची सोय केलीय. एजंट त्याला ‘मेझनीन’ म्हणत होता. आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे पोटमाळाच की!" विषय मिटला.

खरी मजा खिडकीत आहे. ती उंच, पण तिची खालची कड माझ्या छातीशी येते. शाळा बांधणाऱ्यांचा हिशेब असा: उजेड भरपूर हवा, तोही डावीकडून, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. पण बाकावर बसलेल्या पोराला रस्ता दिसता कामा नये. अर्धा तास एस.टी. स्टँड बघत बसणाऱ्या तुझ्यासारख्याचा बंदोबस्त तिथल्या तिथे! इमारत वारसा यादीत आहे, बाहेरून रूप बदलायला बंदी. म्हणून पोटमाळा खिडकीला टेकवलेला नाही, हातभर मागे घेऊन काचेचा कठडा लावलाय. खाली सोफ्यावर बसलो की मला आजही फक्त आभाळ दिसतं. वर गादीवर आडवा झालो की रेल्वेलाइन, चिनारासारखी मोठी झाडं, पलीकडची धुराडी, सगळा मोहल्ला. दीडशे वर्षांनी त्या वर्गात कुणाला तरी बाहेर बघायला मिळालं, तेही झोपून.

तोटेही ऐक. जुन्या तावदानांच्या जागी नवी दुहेरी काच बसवायची परवानगी नाही, आतून दुसरी खिडकी लावून भागवायचं. सगळी ऊब पोटमाळ्यावर जाते. जानेवारीत वर घाम, खाली स्वेटर. एजंट ‘हवेशीर’ म्हणाला होता, ते शब्दशः खरं निघालं. कुकरची शिट्टी तर मधल्या सुटीच्या घंटेसारखी घुमते.

आणि तू फोनवर विचारलंस ते, शाळा बंद का पडली? पोरं उरली नाहीत म्हणून. तेच अजून चालू आहे. मध्य लंडनमध्ये घरं परवडत नाहीत, तरुण जोडपी लांब जातात, पट घसरतो, शाळा बंद होते. मग तिथे घरं होतात, आणि ती त्याच जोडप्यांना परवडत नाहीत. आमच्या इमारतीत लहान मुलं दोनच आहेत. मैदानात गाड्या लागतात. मीही तिथेच लावतो, आणि दर वेळी जरा ओशाळायला होतं.

मे महिन्यात सुटीला ये. पोटमाळा तुला दिला, खिडकीशी बस हवा तेवढा वेळ.

आणि यंदा तुझ्या शाळेचा पट किती लागला? फोनवर तू हा विषय टाळलास. पत्रात तरी लिही.

तुझा,
बाळ (आता तूही म्हण)