‘सगळ्यांना उपयोगी’ पुस्तक अनुभवी डेव्हलपरच्या उपयोगाचं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांचा परिचय येतो, त्याबद्दल हे पत्र. मराठी पेपरात जावास्क्रिप्टच्या पुस्तकाला अर्धा कॉलम मिळतो याचा मला मनापासून आनंद आहे, ते बंद करू नका. पण पुस्तकावर छापलेलं असतं ‘अनुभवी वेब डेव्हलपर्ससाठी’ आणि परिचयात मोजमाप लावलेलं असतं कॉलेजच्या पोराचं. भाषा सोपी आहे, आठशे पानं आहेत, अगदी पहिल्यापासून समजावून सांगितलंय, विद्यार्थ्यांपासून व्यावसायिकांपर्यंत सगळ्यांना उपयोगी. झालं, संपला परिचय. आता ज्यानं आठ-दहा वर्षं वेबसाइटी बांधल्यात, रात्री अकराला क्लायंटचा फोन आला म्हणून बंद पडलेला सर्व्हर उठवलाय, त्याला यातून काय कळणार? उलट ‘सगळ्यांना उपयोगी’ एवढं वाचलं की मी ते पुस्तक यादीतनं काढून टाकतो.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडमध्ये हे काम करणारे आता बरेच झालेत. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतं, कुणी चार-पाच पोरं घेऊन स्वतःचं ऑफिस चालवतं, पतसंस्थेचं, मिरजेतल्या हॉस्पिटलचं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचं सॉफ्टवेअर करतं. पुस्तक घ्यायचं तर स्वतःच्या खिशातून, आणि बरं तांत्रिक पुस्तक म्हणजे सहज हजार रुपये जातात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभ्या उभ्या पुस्तक चाळून बघता येतं, इथं दुकानात डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या सिलॅबसची पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे, बाकी सगळं ऑनलाइन मागवायचं, तेही नमुन्याची चार पानं बघून, आणि ती चार पानं हमखास प्रस्तावनेची असतात. वाचनालयांचंही तेच, कुठलं पुस्तक घ्यायचं हे ठरवताना पेपरातला परिचय बघितला जातो. म्हणून परिचय लिहिणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे असं मला वाटतं.

तर अनुभवी माणसासाठीचं पुस्तक कसं जोखायचं, माझं मत सांगतो.

पहिलं म्हणजे लेखकानं काय वगळलंय ते बघायचं. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कसा फिरतो, एचटीएमएलचा टॅग कसा बंद करतात यात पहिली दोनशे पानं गेली असतील तर त्या लेखकाला आपला वाचक कोण हेच ठरवता आलेलं नाही, किंवा प्रकाशकानं दोन्ही गिऱ्हाइकं धरायला सांगितलंय. ज्याला पोहता येतं त्याला कृष्णेत भोवरा कुठं आहे ते सांगायचं असतं, हातपाय कसे मारायचे ते नाही. दुसऱ्या भाषेतून आलेल्या अनुभवी माणसाला नवी भाषा शिकवायची असेल तरी हेच, पीएचपीवाला पायथनकडं चाललाय तर त्याला ‘इफ’ शिकवू नका, तुझी कुठली सवय इथं तुला गोत्यात आणेल ते सांगा. पातळ पुस्तक दिसलं की लोक ‘माहिती कमी आहे’ म्हणतात, माझ्या मते बऱ्याचदा ते लेखकानं कष्ट घेतल्याचं लक्षण असतं, कारण काय गाळायचं हे ठरवायला विषय जास्त कळावा लागतो.

दुसरं, ‘कसं’ पेक्षा ‘का’ किती आहे. कसं लिहायचं हे फुकट मिळतं, एमडीएन ही वेब डेव्हलपरांची ऑनलाइन माहितीची साइट २००५ पासून आहे, प्रत्येक फ्रेमवर्कचं (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याचं) स्वतःचं डॉक्युमेंटेशन आहे, आता तर चॅटजीपीटीला विचारलं की कोड समोर येतो. म्हणून काही जण म्हणतात पुस्तकं हवीत कशाला, मला उलट वाटतं, कोड इतका स्वस्त झाला की तो बरोबर आहे का हे ओळखणारी नजर जास्त लागते, आणि ती नजर शांतपणे एका माणसानं सलग विचार करून लिहिलेल्या पुस्तकातनंच मिळते. एक उदाहरण देतो. जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउटला (ठरलेल्या वेळेनंतर काम करणाऱ्या टायमरला) शून्य मिलिसेकंद दिले आणि त्याच्या खालीच एक पूर्ण झालेलं प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) लिहिलं, तर आधी कोण चालतं? प्रॉमिस. हे बहुतेक पुस्तकं सांगतात, आउटपुट छापतात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. चांगलं पुस्तक इथं थांबतं. ते सांगतं की दोघांच्या रांगा वेगळ्या आहेत, प्रॉमिसची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ब्राउझर टायमरकडं वळत नाही आणि स्क्रीनही नव्यानं रंगवत नाही, म्हणून प्रॉमिसमधनंच परत परत नवं प्रॉमिस टाकत राहिलात तर पान गोठतं, तेच सेटटाइमआउटनं केलं तर गोठत नाही. हे कळलं की ज्या पानावर ‘हँग होतंय’ अशी तक्रार येते तिथं कुठं बघायचं ते कळतं. मी पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा हे प्रकरण काढतो.

मग एरर. उदाहरणातला कोड कायम सगळं सुरळीत चाललंय असं धरून लिहिलेला असतो, नेट चालू आहे, सर्व्हर जागा आहे, युजरनं बरोबरच माहिती भरलीय. सर्व्हरकडून माहिती मागवणारं फेच हे फंक्शन घ्या. सर्व्हरनं ४०४ (सापडलं नाही) दिलं किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) दिलं तरी फेचचं प्रॉमिस फेल होत नाही, ते यशस्वीच धरलं जातं, ‘ओके’ नावाची प्रॉपर्टी आपण स्वतः तपासायची असते. ज्या पुस्तकात फेचच्या उदाहरणात ही एक ओळ नाही ते पुस्तक अनुभवी माणसासाठी लिहिलेलं नाही, कव्हरवर काहीही असो. तसंच पासवर्ड. पीएचपीत पासवर्ड हॅश करायचं (मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये असा बदलून ठेवायचं) तयार फंक्शन ५.५ पासून म्हणजे २०१३ पासून आहे, तरी अजून एमडी५ ही जुनी, सहज फुटणारी पद्धत वापरणारी उदाहरणं छापलेली दिसतात आणि खाली टीप, ‘सोपेपणासाठी असे केले आहे’. सोपेपणासाठी केलेलंच कॉपी होऊन पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये जातं हो, आणि तिथं लोकांच्या ठेवी असतात.

आता पुस्तकाचं वय. परिचयात ‘ताजी आवृत्ती’ असं लिहिलेलं असतं, पण माहितीच्या पानावर नीट बघितलं तर आवृत्ती एका वर्षाची आणि पुनर्मुद्रण दुसऱ्याच वर्षाचं असतं, मजकुरात अक्षरही बदललेलं नसतं. विकणारे मोठ्या अक्षरात पुनर्मुद्रणाचं वर्ष सांगतात. वेबच्या पुस्तकात हा फरक फार महाग पडतो. पीएचपीची डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं ७.० मध्ये, डिसेंबर २०१५ ला काढूनच टाकली, त्यावर उभं असलेलं पुस्तक आज चालवायला घेतलं तर पहिल्याच उदाहरणाला कोसळतं. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत फेब्रुवारी २०१९ ला हुक्स नावाची नवी सोय आली आणि लिहायची पद्धतच पालटली. जुन्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ च्या शेवटी संपला. पण म्हणून जुनं पुस्तक टाकाऊ असंही नाही आणि इथंच परिचय लिहिणाऱ्याची खरी कसोटी आहे. डेटाबेसचा रिलेशनल (माहिती तक्त्यांत मांडायचा) विचार संगणकशास्त्रज्ञ कॉडनं १९७० मध्ये मांडला, शोध जलद करणाऱ्या इंडेक्सच्या मागचं बी-ट्री १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं, ते आजही तसंच चालतं. डेटाबेसला विचारलेली क्वेरी हळू का चालते यावरचं पंधरा वर्षांपूर्वीचं चांगलं पुस्तक आज घेऊन वाचावं, आणि फ्रेमवर्कचं तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक घेताना दहा वेळा विचार करावा. विषय किती वेगानं शिळा होतो ते बघून वयाचा दोष द्यायचा. कुठली प्रकरणं शिळी झालीत आणि कुठली टिकलीत एवढं जरी परिचयात आलं तरी वाचणाऱ्याचे पैसे वाचतील.

छपाईबद्दलही कुणी बोलत नाही. स्वस्त भारतीय आवृत्ती मिळते ही चांगलीच गोष्ट, नाहीतर मूळ किमतीत आम्ही घेऊच शकलो नसतो, पण रंगीत पुस्तक काळं-पांढरं छापलं की ‘आकृतीतली लाल रेघ पाहा’ असं लिहिलेलं असतं आणि सगळ्या रेघा एकाच करड्या. कोडची लांब ओळ मधेच मोडून खाली येते, पायथनसारख्या भाषेत इंडेंटेशनला (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला) अर्थ असतो तिथं तर वाचताना गोंधळच उडतो. परिचय लिहिणाऱ्यानं कुठली प्रत वाचली, मूळ की भारतीय, हे सांगायला हवं.

आता दोन कसोट्या मी स्वतः लावतो त्या सांगतो, कारण या आपल्या इथल्या माणसाला लागतातच आणि बाहेरच्या परीक्षणात सापडत नाहीत.

एक, मराठी मजकूर. स्ट्रिंगची (मजकुराच्या तुकड्याची) लांबी म्हणजे अक्षरांची संख्या, असं पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं. ‘सांगली’ घ्या, तीन अक्षरं. जावास्क्रिप्टला लेंथ विचारा, सहा सांगेल, कारण काना, अनुस्वार, वेलांटी तिच्या लेखी वेगवेगळे मोजले जातात. ‘सातारा’ घ्या, तेही तीन आणि तेही सहाच. मग प्रत्येक पुस्तकात स्ट्रिंग उलटी करायचं उदाहरण असतं, ते ‘सांगली’वर चालवून बघा, सुरुवातीलाच वेलांटी लोंबकळते आणि पुढचे काना-अनुस्वार भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. फॉर्ममध्ये ‘नाव जास्तीत जास्त २० अक्षरं’ अशी मर्यादा घातली की सातबाऱ्यावरचं मराठी नाव अर्ध्यात तुटतं ते यामुळंच. यावर उपाय आहे, मजकूर अक्षरांच्या हिशेबानं तोडणारी इंटल सेगमेंटर म्हणून सोय आहे, फायरफॉक्समध्ये ती २०२४ ला आली आणि मग सगळ्या मोठ्या ब्राउझरांत झाली. ‘अनुभवी’ म्हणवणाऱ्या पुस्तकात युनिकोडला (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीला) निदान चार पानं हवीत.

दोन, तारीख. हे तर फारच महत्त्वाचं. कॅलेंडरमधनं युजरनं १ एप्रिल २०२४ निवडली, ती ब्राउझरमध्ये आपल्या वेळेनुसार रात्री बाराची झाली, मग ती सर्व्हरला पाठवताना आयएसओ स्ट्रिंग (ठरावीक साच्यातला तारीख-वेळेचा मजकूर) केली की ती ग्रीनिचच्या वेळेत जाते, म्हणजे साडेपाच तास मागं, ३१ मार्च संध्याकाळी साडेसहा. पुढची वेळ कापून नुसती तारीख ठेवली की पावती ३१ मार्चची, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. अडत्याचं बिल मागच्या वर्षात गेलं तर जीएसटीपासून ऑडिटपर्यंत सगळं बसून निस्तरावं लागतं. गंमत म्हणजे लेखक अमेरिकेत बसून लिहीत असेल तर त्याला ही अडचण दिसतच नाही, तिथली वेळ ग्रीनिचच्या मागं आहे त्यामुळं त्याची तारीख बरोबरच राहते. त्याला उलटी अडचण दिसते, नुसती तारखेची स्ट्रिंग वाचली की त्याच्याकडं एक दिवस मागं जाते आणि आपल्याकडं ती पहाटे साडेपाच होऊन तारीख शाबूत राहते. म्हणून लेखक स्वतःच्या टाइमझोनबाहेर विचार करतो का हे मला या एका प्रकरणात कळतं. दोन्ही बाजू सांगणारा लेखक मिळाला की मी त्याचं बाकीचं पुस्तक विश्वासानं वाचतो.

आता हे सगळं परिचयात यायचं तर लिहिणाऱ्यानं कोड चालवून बघायला हवा, नुसती अनुक्रमणिका वाचून आणि मागचं कव्हर उतरवून ते होणार नाही. कवितासंग्रहाचं परीक्षण आपण कविता न वाचणाऱ्याकडून लिहून घेत नाही, मग इथं का? माझी विनंती एवढीच की असं पुस्तक रोज हे काम करणाऱ्या माणसाकडं द्या. जमलं तर दोघांकडं द्या, एक दहा वर्षं मुरलेला आणि एक दोन-तीन वर्षं झालेला, कारण मुरलेल्याला जे उघड वाटतं ते दुसऱ्याला अडलेलं असतं. आणि परिचयाच्या वरच्या चौकटीत किंमत आणि पानांच्या शेजारी तीन गोष्टी टाका, आवृत्तीचं खरं वर्ष, कोड कुठल्या व्हर्जनवर चालतो, आणि वाचायच्या आधी काय येत असायला हवं.

हे काम फुकट करायला इथं आम्ही काही जण तयार आहोत, सगळे वेब डेव्हलपमेंटमधलेच आणि बहुतेक जण मराठी माध्यमातनं शिकलेले. पुस्तक पाठवा, महिनाभराची मुदत द्या, त्यातला कोड आजच्या व्हर्जनवर चालवून तीनशे शब्दांत लिहून देऊ, मानधन नको. फक्त जागा कमी पडली तर काय बिघडलंय तो परिच्छेद कापू नका, स्तुतीचा कापा.

आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली