गिअरबॉक्स बदलण्याआधी ऑईल तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला घरी हात लावू नका’ असा सरसकट सल्ला वाचला आणि राहवले नाही, म्हणून हे पत्र. माझी सगळी नोकरी कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत गेली. तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे उघडणे, धुणे आणि पुन्हा जोडणे हेच माझे काम होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याच कुळातला आहे. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांमधून ते हव्या त्या क्लचपर्यंत पोहोचते, क्लचच्या प्लेटा घट्ट बसतात आणि प्लॅनेटरी गिअरमधले कोणते चाक फिरायचे, कोणते रोखायचे हे ठरते. १९४० च्या ओल्डस्मोबील गाड्यांत हायड्रामॅटिक आला तेव्हा त्याला चार गिअर होते. आज आठ-दहा असतात, व्हॉल्व्ह सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालतात, संगणक हुकूम देतो. तरी काम तेलच करते.

म्हणूनच काही गाड्यांच्या पुस्तिकेत ‘या गिअरबॉक्सचे ऑईल कधीच बदलावे लागत नाही’ असे वाचले की मला राग येतो. हे तेल दाब पोहोचवते, वंगण देते, उष्णता वाहून नेते, चुरा धुऊन काढते, शिवाय क्लच किती घट्ट आणि किती हळुवार पकडेल हेही त्यातल्या रसायनांवर अवलंबून असते. सतत तापणारे, घासणीचा चुरा पोटात घेणारे तेल म्हातारे होणारच. कारखान्यात असे विधान कुणी केले असते तर त्याला मी प्रेसजवळ उभे राहू दिले नसते. अनेक नामवंत गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः सांगते, की वापरानुसार साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांत ऑईल बदलावे. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि गाडी विकणारा दुसरेच, तर मी बनवणाऱ्याचे ऐकेन.

आमच्या गाडीचेच सांगते. इंजिन तापल्यावर, एका वेगात शांतपणे जात असताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाके जावीत तशी थरथर येऊ लागली. पेडलवर जरा जोर दिला की थांबायची. सर्व्हिस सेंटरने गाडी चालवून पाहिली आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगितले. ऑईल कुणी पाहिले नव्हते, पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचे ऑईलचे भांडे, तोही उघडला नव्हता. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर पी०७४१ हा कोड मिळाला. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा तो लॉक-अप क्लच. हा क्लच नीट पकडत नाही, असा या कोडचा अर्थ. या तक्रारीची कारणे अनेक असतात, पण थकलेले ऑईल हे त्यातले सर्वांत साधे. मग सुरुवात तिथून का करू नये?

आता कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच घाई नडते. गाडी फक्त जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. चारही बाजूंना भक्कम स्टँड हवेत आणि गाडी पाणसळीत सपाट हवी. नुसत्या पार्कवर विसंबू नये, हँडब्रेक ओढलेला असावा. ऑईल काढण्याआधी भरण्याचा बूच सुटतो का ते बघायचे. तो जाम असेल आणि खालचा बूच आधीच उघडला असेल, तर गाडी जागेवरच अडकली. पॅन उतरवल्यावर आतले चुंबक नीट पाहावे. त्यावरचा राखाडी, मऊ लेप नेहमीचाच, त्याने घाबरू नये. पण बोटाला टोचणारे धातूचे कण दिसले, किंवा ऑईल काळे पडून त्याला जळका वास येत असेल, तर आतल्या प्लेटा किंवा बेअरिंग गेले आहेत. आमच्या पॅनमध्ये फक्त लेप होता. ऑईल गडद झाले होते, पण जळलेले नव्हते.

फिल्टर आणि गॅस्केट नवीन बसवले. पॅनचे बोल्ट लहान असतात, बऱ्याच गाड्यांत त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो, त्यामुळे हाताच्या अंदाजाने आवळले की ॲल्युमिनियमचे आटे निघतात. छोटा टॉर्क रेंच वापरावा. पॅनमधून साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच ऑईल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा काढायचे, पुन्हा भरायचे. दाबाने धुऊन काढणाऱ्या मशीनवर माझा भरवसा नाही.

पातळी तपासणे हे सर्वांत नाजूक. नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी काही क्षण थांबवत परत पार्कमध्ये आणायचा, आणि स्कॅनरवर ऑईलचे तापमान ठरलेल्या टप्प्यात आले की पातळीचा बूच उघडायचा. काही गिअरबॉक्सना हा टप्पा ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असतो, पण आपल्या मॉडेलचाच आकडा घ्यावा. धार थेंबांवर आली की बूच बंद. कमी भरले तर पंप हवा ओढतो, जास्त भरले तर फिरते भाग ऑईलचा फेस करतात, आणि दोन्हीत दाब पडून क्लच घसरतो. एवढे झाल्यावर आमच्या गाडीची थरथर गेली आणि कोड पुन्हा आलेला नाही.

‘जुने ऑईल काढले की गिअरबॉक्स बसतो’ असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. लोक ऑईल बदलतात तेच मुळी क्लच घसरू लागल्यावर. प्लेटा तोवर संपलेल्या असतात आणि दोष नव्या ऑईलच्या माथी येतो.

घरी सगळेच करावे असे मी म्हणत नाही. ऑईल, फिल्टर, बाहेरचे सेन्सर, वायरिंगचे प्लग, सोलेनॉइडचा रोध मीटरने मोजणे, इथपर्यंत काळजीपूर्वक काम करणाऱ्याने जावे. व्हॉल्व्ह बॉडी उतरवायची तर धूळ नसलेली जागा हवी, धागे न सुटणारे कापड हवे, आतली गोळी हरवली तर काम संपले. पूर्ण गिअरबॉक्स उतरवणे मी स्वतः करत नाही. तो अवजड असतो, आणि जोडताना टॉर्क कन्व्हर्टर पंपात शेवटपर्यंत बसला नाही, तर बोल्ट आवळतानाच पंप फुटतो. नात्यातल्या एका गाडीच्या पॅनमध्ये चकाकणारे कण दिसले, तेव्हा पॅन परत लावून गाडी गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या वर्कशॉपकडे पाठवली, तीही उचलून नेणाऱ्या ट्रकवर. इंजिन बंद असताना चाके जमिनीवर ठेवून ओढली, तर पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

शिवाय नाव ‘ऑटोमॅटिक’ असले तरी आतले यंत्र वेगळे असू शकते. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, पट्टा किंवा साखळी असते, तिचे ऑईल निराळे. दोन क्लच आलटून पालटून वापरणाऱ्या ड्युअल क्लचचे निराळे. एएमटी तर साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. एकाचे ऑईल दुसऱ्यात ओतले तर नुकसान ठरलेले.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच वाहनदुरुस्तीची माहिती खुली करण्याचा कायदा मंजूर केला. मला त्याहून कमी हवे आहे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत ऑईलचा नेमका दर्जा, त्याचे प्रमाण, पातळी तपासण्याचे तापमान आणि बोल्टांचा ताण एवढे एका पानावर छापावे. आपल्या पुरवणीने कंपन्यांना हे विचारावे, आणि ज्या उत्तर देतील त्यांची माहिती प्रसिद्ध करावी. तोवर ज्यांना गिअरबॉक्स बदलायला सांगितले आहे त्यांनी आधी पॅन आपल्यासमोर उघडायला लावावा आणि चुंबक स्वतः पाहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ