सोबत दोन झेरॉक्स जोडल्या आहेत

कराड,
१८ जानेवारी २०२६

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं नीट होत नाही. इकडे गिऱ्हाईक उभं असतं, तिकडे तू मेसच्या रांगेत, आणि दोघंही "बरं बरं" म्हणून ठेवून देतो. म्हणून लिहितोय. कागदाला आपल्याकडे तोटा नाही.

तू म्हणालीस, ओंकारदादाचा जुना आयपॅड, त्यावर लिहायच्या पेन्सिलीसकट, सतरा हजारांत मिळतोय, तोच घेते, मला ते गोल बटणच आवडतं. ऐकून घेतलं. पण आठवीत सायकल घेतानाही तुला गिअरची नको होती, साधीच "आवडली" होती, आणि मग वर्षभर शेजारच्या पोरीची गिअरची फिरवत होतीस. तेव्हा आवडीचं राहू दे.

ओंकार संक्रांतीला आला तेव्हा त्याचा हाताळून बघितला. नववी पिढी म्हणतात ती, सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली. परवा कागदाची रिमं आणायला कोल्हापूरला गेलो, तेव्हा तिथल्या दुकानात नवा बघितला, ए-१६ चिपवाला. पिशवीत फूटपट्टी होतीच. मी काचेवर पट्टी लावली तर काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला. दुकानदार १०.२ इंच आणि ११ इंच सांगतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. माझ्या पट्टीवर ओंकारचा पडदा भरला १५.६ बाय २०.८ सेंटिमीटर, नव्याचा १५.८ बाय २२.७. रुंदीत अवघे दोन मिलिमीटर. जे वाढलंय ते लांबीत.

आता तुमचे पीडीएफ सगळे ए-फोर. ए-फोरचं अख्खं पान ओंकारच्या आयपॅडवर बसवायचं तर ते ७० टक्के होतं, नव्यावर ७५. रात्री शटर ओढल्यावर तुझ्या त्या अ‍ॅनॉटॉमीच्या पानाच्या, खांद्याच्या नसांचं चित्र आहे ना, त्याच्या दोन कॉप्या काढल्या. एक सत्तरवर, एक पंचाहत्तरवर. सोबत जोडल्यात. बाजूची बारीक नावं वाचून बघ. मला चष्म्याशिवाय सत्तरची वाचता आली नाहीत, आणि खरं सांगायचं तर पंचाहत्तरचीही नाहीत. तुला दोन्ही येतील. म्हणजे नुसत्या पडद्यासाठी कुणी जादा पैसे मोजू नयेत. काचेवर बोटाने टकटक केलं तर दोन्हीकडे तोच पोकळ आवाज. काच आणि खालचं चित्र यांच्यात बारीक फट असते, ती नव्यातही ठेवलीय. इअरफोनची पिन तर जुन्यातच आहे, नव्यात भोकच नाही. पोरगा "एआय, एआय" करत होता, पण कंपनीचं स्वतःचं एआय या मॉडेलवर चालत नाही. ते हवं तर वरचा, आयपॅड एअर, घ्यावा लागतो आणि तो जवळजवळ साठ हजारांचा. तो विषय तिथेच संपला.

मग नव्यासाठी मी का अडून बसलोय? आपल्या पहिल्या झेरॉक्स मशीनमुळे.

तू तेव्हा पहिलीत होतीस. सेकंडहँड मशीन घेतलं होतं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. कॉपी सुंदर यायची. मीही तेवढंच बघितलं, कॉपी कशी येते. तीन वर्षांनी ड्रम गेला. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणाला, या मॉडेलचा ड्रम यायचा बंद झाला. ऐन फॉर्मच्या दिवसांत मशीनवर चादर टाकून मी स्टुलावर बसलो होतो आणि लोक समोरच्या दुकानात जात होते. मशीन तसं काही बिघडलं नव्हतं. त्याची मागची सोय संपली होती.

आयपॅडचंही तसंच दिसतंय. त्याचं सॉफ्टवेअर दरवर्षी नवं येतं आणि जुनी मॉडेलं एकेक करून गळतात. २०१९ ला आलेली सातवी पिढी गेल्या सप्टेंबरात गळली, सहा वर्षांनी. ओंकारचा अजून यादीत आहे. पण त्यातली चिप ए-१३, म्हणजे २०१९ च्या आयफोन ११ मधली. सहा वर्षांचाच हिशेब धरला तर तो २०२७ पर्यंत जातो. नंतर लगेच बंद पडतो असं नाही, पण एकेक अ‍ॅप "अपडेट करा" म्हणत अडायला लागतं. तुझं साडेचार वर्षं कॉलेज आणि वर्षभराची इंटर्नशिप धरली तर २०३१ उजाडेल. म्हणजे मध्येच दुसरा घेणं आलं. मग पैसे वाचले कुठे? शिवाय त्यात जागा ६४ जीबी. तुम्ही लेक्चरचे व्हिडिओ ठेवता, ती पुरायची नाही, आणि आयपॅडला कार्ड घालता येत नाही. नव्यात कमीत कमी १२८. चार्जरही तुझ्या फोनचाच चालेल. खोलीत तिघींत मिळून एक प्लग आहे म्हणालीस ना?

पेन्सिलीवर मात्र मी अडलो होतो. नव्याबरोबर ७,९०० ची पेन्सिल दाखवतात, पण तिला दाब कळत नाही. जोरात टेकवा नाहीतर हलके, रेघ तेवढीच जाड. नोट्सना चालेल. पण तू चित्रं शेड करतेस, स्नायूच्या रेघा कडेला दाट आणि मध्ये फिक्या काढतेस, ते मी बघितलंय. ओंकारच्या जुन्या पेन्सिलीला दाब कळतो. फक्त ती चार्ज करायची तऱ्हा बघून आईला हसू आवरेना. टोपण काढून आयपॅडच्या बुडात खोचायची, केळ्यात उदबत्ती खोचतात तशी. कुणाचा धक्का लागला की गेली.

पण चौकशी केली तर कळलं, तीच पेन्सिल नव्यावरही चालते. एक छोटा अडॅप्टर लागतो, त्यात खोचून वायरने चार्ज करायची, म्हणजे उदबत्तीही नको. ओंकारला फोन केला. म्हणाला, मामा, आयपॅड दुसरीकडे खपवतो, पेन्सिल मुक्ताला अशीच देतो. फुकट घ्यायची नाही, मी दोन हजार पाठवलेत. ती बरेच दिवस पडून असेल तर बॅटरी मेलेली असू शकते. आधी रात्रभर चार्ज करून दोन पानं काढून बघायला त्याला सांगितलंय.

राहिले पैसे. नवा ३४,९००. कॉलेजचं ओळखपत्र बरोबर आण, विद्यार्थ्यांना थोडी सवलत असते. आईची भिशी फेब्रुवारीत लागतेय, तीस हजारांची. तिने सोन्याच्या मण्यांचं ठरवलं होतं, आता म्हणते पुढच्या भिशीला बघू. यावर तू तिच्याशी वाद घालू नकोस, मी घालून बघितला. वरचे मी घालतो. मेडिकलची पोरं आता नोट्स काढायला येत नाहीत, आली तर फॉर्म आणि आधारकार्डासाठी. ती का येत नाहीत ते कोल्हापूरच्या दुकानात पट्टी लावताना नीट कळलं. माझंच गिऱ्हाईक तोडणारी वस्तू मीच घेतोय, म्हणून आई चिडवते.

१४ फेब्रुवारीला शनिवार आहे. सकाळच्या गाडीने कोल्हापूरला ये, मी इकडून एसटीने येतो. घेऊन तसंच घरी येऊ, रविवारी संध्याकाळी परत जा. आणि दुकानातला पोरगा स्क्रीनगार्ड लावून देतो म्हणेल, त्याला नको म्हण. नुसता पाकिटातला घे. घरी आल्यावर मी लावतो. बावीस वर्षं लॅमिनेशन करतोय, एक बुडबुडा राहू दिलेला नाही.

तुझे,
बाबा