मोगऱ्याला कसली घाई?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी पहाटे कुंड्यांना पाणी घालायला गेलो, तर मोगऱ्याच्या शेंड्याला तीन कळ्या! तांदळाएवढ्या, हिरवट. अजून जानेवारीही सरला नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कळ्याच.

शेजारची शेवंती मात्र नेहमीच्या वेळीच फुलून गेली. ती मोजते रात्रीची लांबी. दिवस लहान झाले की कळी धरते. मोगरा बघतो ऊब. ती मिळाली, की त्याला पंचांग कळत नाही. सफरचंद, पीच यांचं आणखी वेगळं. साधारण ७ अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास मिळाले, तरच त्यांच्या कळ्यांची झोप नीट मोडते. हिवाळा सौम्य गेला तर बहर विरळ आणि मागेपुढे येतो.

म्हणून अवेळी फुललेल्या झाडांचे फोटो नुसते ‘निसर्गाची किमया’ म्हणून छापू नयेत, ही विनंती. खाली तारीख आणि त्या आठवड्यातलं रात्रीचं तापमान द्या. पुढच्या वर्षी ताडून तरी पाहता येईल.

एका स्नेह्यांचा सल्ला होता, ‘झाड जोमात आलंय, खत घाला.’ घातलं नाही. कोवळ्या फुटीवर गारठा बसला की ती करपते, हे मागे जास्वंदीने मला शिकवलंय (तेव्हा छाटणीही मीच केली होती, दोष हवेला कशाला देऊ).

तीनपैकी एक कळी आज उमलली. वास अगदी पुसट. सौ.नी तोडू दिली नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक